वाऱ्याशी गाठ

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर भोसरी मागे पडल्यावर आणि इंद्रायणीचा पूल येण्याअगोदर आमचे मोशी लागते. त्याला गाव म्हणायचे ते केवळ सवयीने. १९९७ साली मोशीचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागी हळूहळू उंच इमारती उभ्या राहिल्या. आता घरी पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी तयारच असते. मोशीतले भव्य प्रदर्शन केंद्र, चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर आणि सायन्स पार्क, निगडीचे भक्ती-शक्ती शिल्प व त्याच उद्यानातला १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ. मोशी-बोऱ्हाडेवाडी येथे छत्रपती संभाजी महाराजांचा शंभर फूट उंचीचा पुतळा उभारण्याचे कामही महानगरपालिकेने हाती घेतले.

पाहुणे या वास्तू पाहतात, मान वर करून "केवढे उंच!" म्हणतात आणि छायाचित्र काढून पुढे जातात. आपण मात्र थोडे थांबू आणि एक प्रश्न विचारू. अशा उंच वास्तूंचा सर्वांत खोडकर शत्रू कोण?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात : "सर, वजन!" उत्तर चुकीचे नाही, पण वजन हा मोठा सरळमार्गी शत्रू आहे. ते नेहमी खालीच ओढते, रात्रंदिवस तेवढ्याच जोराने ओढते, आणि किती ओढणार हे कागदावर आधीच मांडता येते. खरी पंचाईत करतो तो वारा. तो आडवा येतो, आज पूर्वेकडून तर उद्या पश्चिमेकडून येतो, महिनोन्‌महिने झुळूक होऊन वाहतो आणि एखाद्या दुपारी दहा मिनिटांत वर्षभराची कसर भरून काढतो. उंच उभे राहायचे असेल, तर गाठ त्याच्याशी आहे.

चौपटीचा हिशेब

वारा म्हणजे वाहती हवा, आणि हवेलाही वस्तुमान असते. एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ किलोग्रॅम भरते. समजा, एका भिंतीवर वारा आदळतो आहे. आता वाऱ्याचा वेग दुप्पट झाला. काय होईल? एक तर दर सेकंदाला भिंतीवर येऊन आदळणारी हवा दुप्पट होईल. शिवाय त्या हवेचा प्रत्येक किलोग्रॅम दुप्पट वेगाने आदळेल. दोन गुणिले दोन, म्हणजे जोर चौपट! वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. वाऱ्याचा दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच.

अभियंते यासाठी एक सोपे सूत्र वापरतात. वाऱ्याचा वेग मीटर दर सेकंद या एककात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. आले उत्तर न्यूटन दर चौरस मीटर. (हे ०.६ म्हणजे हवेच्या घनतेचा, १.२ चा, निम्मा आकडा.) सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा असेल तर दाब ६० न्यूटन. एका चौरस मीटरवर सहा किलो वजन टेकवल्यासारखा. वेग सेकंदाला २० मीटर झाला की दाब २४० न्यूटन, म्हणजे सुमारे साडेचोवीस किलो.

आपल्या भागात वारा किती जोराचा धरायचा? हे अंदाजावर सोडलेले नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस ८७५' या संहितेच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशाच दिला आहे. जमिनीपासून १० मीटर उंचीवर सरासरीने पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल असा झोत त्यात हिशेबासाठी धरलेला असतो. पुण्यासाठी हा आकडा सेकंदाला ३९ मीटर आहे आणि मुंबईसाठी ४४ मीटर. ३९ चा वर्ग १५२१. त्याला ०.६ ने गुणले की सुमारे ९१३ न्यूटन येतात. प्रत्येक चौरस मीटरवर त्र्याण्णव किलो! एक धट्टाकट्टा माणूस खाली उभा राहून नव्हे, तर आडवा होऊन पाय रोवून ढकलतो आहे अशी कल्पना करा. जितके चौरस मीटर, तितकी माणसे.

निगडीचा ध्वजस्तंभ

आता निगडीला जाऊ. तेथील ध्वजस्तंभावर २६ जानेवारी २०१८ रोजी तिरंगा फडकवण्यात आला. १०७ मीटर म्हणजे किती, हे कळावे म्हणून सांगतो : दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. म्हणजे हा स्तंभ त्याच्या जवळजवळ दीडपट झाला.

जमिनीलगत झाडे, घरे, टेकाडे वाऱ्याला अडवतात. वर जावे तसा हा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. मोकळ्या माळावर शंभर मीटर उंचीवरचा झोत दहा मीटर उंचीवरच्या झोताच्या सुमारे सव्वापट वेगवान असतो. वर्गाचा नियम लावला की दाब झाला दीडपट. म्हणजे खाली उद्यानात तुमच्या केसांशी खेळणारा वारा वर त्याच क्षणी ध्वजाशी झटापट करत असतो.

त्यात ध्वज मोठा केला की आणखी एक अडचण येते. आपल्या राष्ट्रध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ असेच ठेवावे लागते. लांबी दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते आणि वाऱ्याची ओढही चौपट. पण ध्वज ज्या कडेने दोरीला बांधलेला असतो ती कड मात्र दुप्पटच लांब झाली! म्हणजे त्या शिवणीच्या प्रत्येक वितीवर दुप्पट ताण आला. कापड तर तेच. शिवाय ध्वजाचे मोकळे टोक चाबकासारखे फटकारे खात असते, त्यामुळे चिरा बहुधा तिकडूनच पडू लागतात. अटारी सीमेवर मार्च २०१७ मध्ये ३६० फूट उंच स्तंभावर ध्वज लावला, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच तो वाऱ्याने एकापेक्षा अधिक वेळा फाटला होता. ध्वजसंहितेप्रमाणे फाटका ध्वज फडकवता येत नाही. तेव्हा एखाद्या उंच स्तंभावर कधी ध्वज दिसला नाही, तर लगेच कोणाला नावे ठेवू नका. वाऱ्याचा वर्ग आठवा.

खुद्द स्तंभाचे काय? तो बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो. हे शोभेसाठी नाही. वारा एखाद्या गोल खांबाला वळसा घालून पुढे जातो, तेव्हा खांबाच्या मागे हवेचे भोवरे सुटतात. एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून, असे ठेक्यात. विजेच्या तारा वाऱ्यात गुणगुणतात त्या यामुळेच. एक सेंटिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला दहा मीटर वारा असेल, तर सेकंदाला सुमारे दोनशे वेळा हा खेळ चालतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. तार जाड झाली की ठेका संथ होतो. मीटरभर जाडीच्या खांबाला त्याच वाऱ्यात सेकंदाला दोनच हिसके बसतील.

हिसके दोनच, पण धोका त्यातच आहे. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकेच ढकलत राहिले की तो किती उंच जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. भोवऱ्यांचा ठेका आणि खांबाचा स्वतःचा डोलण्याचा ठेका जुळला, तर खांबाचाही झोपाळा होतो. पुस्तकात आपण याला अनुस्पंदन म्हणतो. निमुळत्या खांबाची जाडी मात्र प्रत्येक उंचीवर वेगळी, म्हणून भोवऱ्यांचा ठेकाही वेगळा. वरचे भोवरे एक ताल धरतात, खालचे दुसरा, आणि सगळ्यांचे एकमत होत नाही. औद्योगिक वसाहतीत काही पोलादी धुराड्यांच्या माथ्याशी मळसूत्रासारखी गुंडाळलेली पट्टी दिसते. तीही भोवऱ्यांत अशीच फूट पाडण्यासाठी असते.

हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर चीनमधील शांघाय शहराकडे पाहा. २०१५ साली पूर्ण झालेला शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे, म्हणजे निगडीच्या स्तंभासारखे जवळजवळ सहा स्तंभ एकावर एक. १२८ मजल्यांची ही इमारत सरळ वर गेलेली नाही. ओला टॉवेल पिळावा तशी ती खालपासून वरपर्यंत सुमारे १२० अंशांतून पिळत गेली आहे आणि वर निमुळती झाली आहे. प्रतिकृती करून वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेतल्या, तेव्हा या पिळामुळे वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्क्यांनी घटतो असे आढळले. शिवाय माथ्याजवळ सुमारे हजार टनांचे एक वजन टांगलेले आहे. इमारत डोलू लागली की ते मागे रेंगाळते. त्याच्या तळाशी चुंबक आहेत आणि त्यांच्याखाली तांब्याचा पत्रा. चुंबक पत्र्यावरून सरकले की पत्र्यात विजेचे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि ते त्या हालचालीलाच विरोध करतात. डोलण्याची ऊर्जा अशा रीतीने उष्णता होऊन निघून जाते. निगडीचा खांब काय किंवा शांघायचा मनोरा काय, वाऱ्याशी बोलण्याची भाषा एकच.

मोठा पुतळा ही लहान पुतळ्याची मोठी प्रत नव्हे

पुतळ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. समजा, ३५ फूट उंचीचा एक पुतळा आहे आणि अगदी तसाच पुतळा १०० फूट उंचीचा करायचा आहे. उंची झाली सुमारे २.८६ पट. वाऱ्यापुढे येणारे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने वाढेल, म्हणजे आठपटीहून थोडे जास्त. पण एवढ्याने भागत नाही. दार बिजागरीजवळ ढकलले तर हलत नाही आणि कडेशी ढकलले तर सहज उघडते. तसेच येथेही जोर जितका उंचावर लागेल तितका तो पायाशी अधिक उलथवतो. उंची २.८६ पट, म्हणून ही तरफही २.८६ पट. दोन्हींचा गुणाकार करा. वारा तेवढाच धरला, तरी पुतळ्याला उलथवू पाहणारे आघूर्ण सुमारे तेवीसपट होते! आणि उंचावर वारा तेवढाच राहत नाही, हे आपण पाहिलेच.

पुतळ्याचा बाहेरचा ब्राँझचा पत्रा हा अंगरखा आहे. हे आघूर्ण पेलायचे असते ते आतल्या पोलादी सांगाड्याने आणि पायाने. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणजवळ राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि जोडकामातील दोष ही कारणे पुढे आली. समुद्रकाठी खारा वारा तर दोन्ही बाजूंनी काम करतो : ढकलतो आणि गंजवतोही. त्याच जागी अधिक उंच व भक्कम नव्या पुतळ्याचे अनावरण मे २०२५ मध्ये झाले. याउलट नर्मदाकाठच्या १८२ मीटर उंचीच्या 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'च्या आत काँक्रीटचे दोन भक्कम गाभे आहेत, डोलणे आवरण्यासाठी प्रत्येकी अडीचशे टनांची दोन वजने आहेत, आणि ताशी १८० किलोमीटर वेगाचा वारा हिशेबात धरलेला आहे. पुतळ्याकडे पाहताना चेहरा पाहाच, पण मनाशी विचारा : आत काय आहे?

मांडव उडतो का?

मोशीच्या प्रदर्शन केंद्राच्या मैदानावर डिसेंबरात शेतीचे मोठे प्रदर्शन भरते. भले मोठे मांडव उभे राहतात. खांब कशासाठी, तर छत खाली पडू नये म्हणून, असे कोणीही सांगेल. पण मांडवाच्या खांबांना दुसरेही काम असते. छत वर जाऊ न देणे!

पावसात छत्री उलटी होते, तो अनुभव आठवा. वारा छतावरून वळून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब घटतो. एका बाजूने उघड्या मांडवात तोच वारा शिरतो आणि आतला दाब वाढतो. वरून ओढ, खालून ढकल. छताचे कापड किंवा पत्रा हलका, त्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला काही किलोच असते. वारा मात्र तेवढ्याच जागेवर वीस-पंचवीस किलोंनी वर उचलू शकतो. म्हणून मांडवाच्या कडेला जमिनीत ठोकलेल्या मेखा आणि ताणलेले दोर दिसतात. गर्दीत कोणी अशा दोराला अडखळून तो सोडवू लागला, तर त्याला जरूर थांबवा.

आता रस्त्यावर या

आतापर्यंत आपण प्रसिद्ध वास्तू पाहिल्या. त्या उभारताना निदान वाऱ्याचा हिशेब मांडला जातो, त्यावर चर्चा होते. पण शहरात उंच उभी असणारी आणखी एक गोष्ट आहे. ती कोणी पाहुण्यांना दाखवत नाही, तरी ती सर्वांनाच दिसते. ती म्हणजे जाहिरातीचा फलक.

१७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी वाऱ्यात एक फलक कोसळला आणि पाच माणसे दगावली. वारा-पाऊस आला म्हणून ती आडोशाला थांबली होती. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. नियमाने ४० फूट रुंद व ४० फूट उंच एवढी मर्यादा असताना तो १२० फूट रुंद आणि जवळपास तितकाच उंच होता. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे नऊपट. त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ मे रोजी, आमच्या मोशीत फलक पडला. सुदैवाने वाहनांच्या नुकसानीवर निभावले.

आपले सूत्र येथे लावून पाहू. फलक ४० फूट रुंद आणि २० फूट उंच, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर आहे असे समजा. सेकंदाला ३९ मीटरच्या झोतात त्यावर ७४ × ९१३, म्हणजे सुमारे ६८,००० न्यूटन जोर येतो. जवळजवळ सात टन! फलकाचा मध्य जमिनीपासून ९ मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या पायांत २ मीटर अंतर आहे असे धरू. तरफेच्या नियमाने वाऱ्याकडच्या पायांना वर उपटणारा जोर येतो ६८,००० × ९ ÷ २, म्हणजे सुमारे तीन लाख सहा हजार न्यूटन. एकतीस टन! सांगाड्याचे वजन यातून थोडे वजा होईल. पण फलकाच्या मागे दाब घटतो, त्यामुळे खरा जोर थोडा वाढेलही. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २.४ टनांचे. नुसत्या वजनाने ही उपट रोखायची, तर जमिनीखाली तेरा घनमीटर काँक्रीट हवे. वर दिसणारे चित्र कितीही झगमगीत असो, त्याचे खरे आयुष्य न दिसणाऱ्या या पायावर अवलंबून असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ढग दाटतात आणि वळिवाचा पाऊस येतो. त्याच्या आधी नेहमी काय येते? गार वारा आणि धूळ. याचे कारण असे, की ढगातून पडणारे थेंब वाटेत काही प्रमाणात बाष्प होतात व हवेची उष्णता घेतात. गार झालेली जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी दिशांना पसरते. हा झोत पावसाच्या पुढे धावतो. म्हणजे सर्वांत जोराचा वारा बहुधा पावसाच्या तोंडावरच येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणसे भिजू नये म्हणून मिळेल त्या आडोशाखाली धावतात. किवळ्याला हेच घडले.

म्हणून हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी घामाघूम असताना अचानक गार वारा अंगावर आला, तर तो वाऱ्याने धाडलेला निरोप आहे. हाताशी काही मिनिटेच आहेत असे समजा. फलकाखाली, झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली किंवा मांडवात थांबू नका. पक्की इमारत गाठा : शाळा, दुकान, बँक, कोणाचेही घर. आसपास तशी इमारत नसेल, तर फलकापासून निदान त्याच्या संपूर्ण उंचीहून अधिक दूर जा. भिजलात तर भिजलात. कपडे वाळतात.

करून पाहा

१. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला छोटा दगड लटकवा. कोनमापकाच्या सरळ कडेतून ध्वजस्तंभाचे टोक पाहा. उद्यानातल्या सपाट जागेवर मागे सरकत जा. दोरा ४५ अंशांवर आला की थांबा. तेथपासून बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही झाली स्तंभाची उंची. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. शाळेजवळच्या फलकाची उंचीही अशीच लांबून काढता येईल. मग सूत्र वापरून त्यावरचा जोर काढा.

२. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा दोन दोऱ्यांनी टेबलपंख्यासमोर टांगा. पंख्याच्या प्रत्येक वेगाला तो किती अंश कलतो ते नोंदवा. आता पुठ्ठ्याला रुपयाएवढी बरीच भोके पाडा आणि कापलेल्या चकत्या उरलेल्या भागाच्या मागे चिकटवा, म्हणजे वजन बदलणार नाही. पुन्हा कोन मोजा. काय फरक पडला? का पडला?

शिक्षकांना एक विनंती. सहल निगडीला किंवा सायन्स पार्कला नेलीत, तर मुलांच्या हाती डब्यांबरोबर कोनमापक आणि दोराही द्या. आणि मुलांनो, पुढच्या खेपेला पाहुणे मान वर करून "केवढे उंच!" म्हणाले, की तुम्ही हळूच खाली बोट दाखवा आणि विचारा, "याचा पाया केवढा असेल?"